डाव्या हाताचा अंगठा

लातूर,
दि. १२ मार्च २०२५

ती. आत्यास,
ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

तारा निघाल्या, आता तुला सबब उरली नाही. परवा डॉक्टरांनी तुझ्या मनगटातून पकडीने त्या दोन तारा ओढल्या तेव्हा तू डोळे मिटून गप्प बसलीस आणि ओरडले मी. आमचे सर अजून चिडवतात. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची पोरगी, दुसऱ्याच्या हातातली तार बघून किंचाळते म्हणे.

आता नीट वाच, कारण तू दवाखान्यात नुसतीच मान हलवत होतीस. मनगटात आठ बारकी हाडं असतात. त्यातल्या दोन हाडांना एकत्र बांधणारा धागा, म्हणजे लिगामेंट, तू पडलीस तेव्हा तुटला. हाड मोडलं नव्हतं म्हणून पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. डॉक्टरांनी तो धागा शिवला, शिवण धरेपर्यंत हाडं हलू नयेत म्हणून तारा घातल्या आणि वरून आठ आठवडे प्लास्टर. शिवण धरली आहे पण कच्ची आहे. उचलणं, पिळणं, भाकरी थापणं अजून दोन महिने बंद. घरमालकिणीची सून शिल्पा भाकऱ्या करून देते म्हणाली आहे ना, तर लाजू नकोस.

व्यायाम तीन. पहिला, अक्षता टाकतो तशी हालचाल. हात अंगठ्याच्या अंगाने जरा मागे न्यायचा आणि करंगळीच्या अंगाने पुढे सोडायचा. दिवसातून चारदा, दहा-दहा वेळा. सत्यमदादाचं लग्न ठरेल तोवर तुझा हात तयार. दुसरा, देवापुढे जोडतो तसे हात जोडायचे, जोर लावायचा नाही. तुझे तळवे मनगटाकडून सुटतात, तिथे फट राहते. ती किती बोटांची आहे ते शिल्पाला मोजायला सांग आणि मला कळव. तिसरा व्यायाम म्हणजे मला पत्र लिहायचं. उजव्या हाताने, पानभर, दर आठवड्याला. फोन करायचा नाही. अक्षर बघितलं की मला हात कळतो.

माझी परीक्षा जवळ आली आहे. बाकी ठीक. लोभ आहेच, तो पत्रागणिक मोजून घेईन.

तुझी,
ऋतुजा


नांदेड,
दि. २० मार्च २०२५

चि. ऋतुजास,
अ. उ. आ.

हे पान लिहायला मला तीन दुपारी लागल्या, तेव्हा वाचताना हसू नकोस. माझ्या अंगणवाडीतली पोरं पहिल्या दिवशी पाटीवर काढायची तसं अक्षर आलं आहे. पोस्टातल्या बाबूने तर विचारलं की मावशी, आजकाल पत्र कोण लिहितं. मी म्हटलं, भाची डॉक्टरीण झाली, तिने औषध म्हणून लिहून दिलं आहे. फट तीन बोटांची आहे. शिल्पाने मोजली.

अक्षता रोज टाकते. शिल्पाचा नवरा बघून गेला आणि तिला म्हणाला की मावशी भिंतीचं लग्न लावून राहिल्या.

बसल्या बसल्या मागचं आठवतं. नोव्हेंबरात ओटा धुताना पाय सरकला आणि मी तळहातावर पडले, एवढंच. मुरगळलं असेल म्हणून पट्टी बांधली. मग गावी गेले तर हाडं बसवणाऱ्या गुरुबसप्पाने हात ओढून बसवला, हळद-अंडं लावलं, आणि पाच आठवडे त्यात गेले. तुझ्या बाबांनी हट्ट धरून लातूरला नेलं नसतं तर हा हात तसाच लुळा राहिला असता. ऑपरेशननंतरचे सात दिवस अण्णा वॉर्डात खाली चटईवर झोपले. मला एका हाताने वेणी घालता येईना तर त्यांनी घातली. शेजारच्या खाटेवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. साठी उलटलेला माणूस, बहिणीची वेणी घालतो आणि ती सुटली की परत घालतो. असा भाऊ देवाने द्यावा.

अण्णांनाही पत्र टाकलं आहे. विहिरीच्या बाजूला माझ्या दोन खोल्यांची जागा या उन्हाळ्यात आखून ठेवा म्हटलं. नोकरी संपली, आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली, आता भाड्याच्या खोलीत जीव रमत नाही. आबांच्या मागे सातबाऱ्यावर अण्णांच्या खाली माझं नाव लागलं, त्याला तेवीस वर्षं झाली. मी कधी एक पायली ज्वारी मागितली नाही. मला निम्मं वावर नकोच आहे. दोन खोल्या, एक चूल आणि सकाळी विहिरीवर गावातल्या बाया दिसाव्यात, बस. तू लग्न होऊन जाशील तेव्हा तुला माहेरी यायला दोन दारं होतील.

अंग दुखेस्तोवर अभ्यास करू नकोस. आशीर्वाद आहेतच, आता उजव्या हाताचे.

तुझी,
केवळाआत्या


लातूर,
दि. २९ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, ओळ मात्र उजवीकडे खाली उतरते, म्हणजे मनगट लवकर थकतं. पान दोन बैठकांत लिही. फट तीन बोटांची असणं या वेळेला ठीकच आहे. पहाटे बोटं आखडत असतील तर कोमट पाण्यात हात धरत जा. झोपताना मनगटाचा पट्टा काढू नकोस.

सत्यमदादाचं जमलं. औशाचे पाहुणे आहेत, मुलगी बी. एड. झाली आहे. वैशाखात लग्न.

परीक्षेमुळे थोडक्यात लिहिते.

तुझी,
ऋतुजा


घरून, ता. अहमदपूर,
दि. ५ एप्रिल २०२५

चि. केवळास,
अण्णारावचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. अक्षर पाहून बरे वाटले. सत्यमचे औशाला ठरले हे तुला ऋतुजाने कळवले असेलच. लग्नाची घाई आहे, घराला रंग चालू आहे, मंडपवाला मल्लिनाथ अजून तारखेला हो म्हणत नाही.

खोल्यांचे म्हणशील तर आत्ता तो विषय नको. विहिरीकडची जागा खोलगट आहे, पाणी धरते. आधी हात बरा होऊ दे. आपल्या घरात तुला कोणी परके म्हणणार आहे काय? ओसरी तुझीच आहे. लग्नाला चार दिवस आधी यायचे, आणि कामाला हात लावायचा नाही, खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे. तुझी साडी वहिनीने हिरवी घेतली आहे. बांगड्या मात्र इथे आल्यावर भर, मनगटाची सूज उतरली की माप कळेल.

तब्येतीला जपावे. बहिणीवर भावाचा जीव आहे हे लिहून दाखवायची गरज नाही.

तुझा,
अण्णाराव


लातूर,
दि. ११ एप्रिल २०२५

ती. आत्यास,

नमस्कार लिहायला हात धजावत नाही. हे पत्र कुरियरने पाठवते आहे, कारण दिवस थोडे आहेत. आधी कामाचं लिहिते, नाहीतर पुढे लिहिता येणार नाही.

सातबाऱ्यावरून तुझं नाव कमी होणार आहे. तलाठ्याची नोटीस ४ तारखेची आहे. पंधरा दिवसांत तुझी हरकत गेली नाही तर नोंद पक्की होईल. तुझ्या नावची नोटीसही गावच्याच पत्त्यावर आली आणि बाबांनी ती कपाटात ठेवली. पाडव्यानंतर पुस्तकं न्यायला मी घरी गेले तेव्हा बघितली.

२७ जानेवारी आठव. तुझे टाके काढून नवीन प्लास्टर घातलं आणि बाबा आपल्याला जीपने नांदेडला घेऊन निघाले. अहमदपूरला एका कचेरीत थांबलो. त्याआधी दवाखान्यात उपचाराच्या सरकारी योजनेसाठी तुझा अंगठा आणि फोटो पाच-सहा वेळा घेतला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून प्रत्येक वेळी डावा अंगठा. तू बाबांना विचारलंस की आता आणखी हे कशाचं. बाबा म्हणाले, "दवाखान्याचंच हाय, लाव अंगठा." साहेबांनी विचारलं की बाई, वाचून समजलं का, राजीखुशीने देता का. तू बाबांकडे बघितलंस आणि हाव म्हणालीस.

तो कागद हक्कसोडपत्र होता. त्यात लिहिलं आहे की वडिलांच्या जमिनीतला सगळा हिस्सा तू भावाला राजीखुशीने सोडून दिलास. औशाच्या पाहुण्यांनी सातबारा मागितला होता. ही केवळाबाई कोण, उद्या वाटा मागेल का, असं त्यांनी विचारलं. बाबांनी तुला विचारायच्या ऐवजी तुझं नावच काढायचं ठरवलं.

आणि आत्या, त्या कागदाला दोन साक्षीदार लागतात. एक बाबांचे मित्र बालाजीकाका. दुसरी मी. मला सगळं माहीत नव्हतं असं लिहिलं तर तू मानशील, पण ते खोटं होईल. मी वरची ओळ वाचली होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी सही केली. खाली उतरून तुला चहा-खारी आणून दिली. एका हाताने खाताना तुझ्या पदरावर सांडलं, ते मी पुसलं.

पत्र लिही म्हटलं ते व्यायामासाठी होतं हे खरं आहे. पण फोनवर तुझा आवाज ऐकायची माझी छाती नव्हती, हेही खरं आहे.

पट्टा काढू नकोस. लोभ मागत नाही.

ऋतुजा


नांदेड,
दि. १८ एप्रिल २०२५

ऋतुजास,

आशीर्वाद वर लिहिला नाही, राग आहे म्हणून. राग उतरला की लिहीन.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तू कुणा दुसऱ्याच्या आत्याची गोष्ट लिहिली आहेस. अंगठ्याची शाई त्या दिवशी नव्हती, यंत्राची काच होती, ती गार लागली एवढं मला आठवतं. अण्णांनी माझं बोट धरून काचेवर ठेवलं होतं. त्याच हातांनी सात दिवस वेणी घातली होती. आता ती वेणी कशासाठी होती हे मला कळेनासं झालं आहे, आणि अण्णांनी माझं खरं काही नेलं असेल तर तेच. वावर कागदावर परत येईलही.

मला स्वतःचीही चीड येते. हदगाव तालुक्यात नोकरी करताना मी अठ्ठावीस बायांना सही शिकवली. पंचशीला नावाची एक म्हातारी होती, तिला नावातला तो 'शी' यायला दोन महिने लागले. प्रत्येकीला मी बजावलं की वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका, नवरा सांगो की सरपंच. भाऊ सांगो, हे मात्र मी कधी म्हटलं नाही. सुचलंच नाही. भाऊ शेजारी उभा असला की आपण बाया कागद वाचत नाही, भावाचं तोंड वाचतो.

काल शिल्पाला घेऊन अहमदपूरला गेले आणि हरकत दिली. वकील म्हणाले, नोंदवलेला कागद रद्द करायला दिवाणी कोर्टातच जावं लागेल, पण आधी सातबाऱ्यावरचा फेरफार थांबवा. अर्ज मी स्वतः लिहिला. बाबूने मनगटाचा पट्टा बघून शाईचा डबा पुढे सरकवला, मावशी अंगठा चालेल म्हणाला. मी म्हटलं, मला चालणार नाही. सही करायला मला बराच वेळ लागला, रांगेतली माणसं खोकत होती. सही वाकडी आली पण पूर्ण आली.

सुनावणी १४ मेला, सकाळी अकरा वाजता, मंडळ अधिकाऱ्यांपुढे. ते विचारणार की त्या दिवशी या बाईला काय सांगून अंगठा घेतला. माझं मी सांगेन. पण मी सोडून ते वाक्य ऐकणारी तिथे तीन माणसं होती. एक अण्णा, एक त्यांचा मित्र.

मी तुला ये म्हणणार नाही. बापाविरुद्ध बोल असं सांगणारी आत्या मला व्हायचं नाही. येऊ नको असंही म्हणत नाही.

फट दोन बोटांवर आली. हे तुला कळवायचं नव्हतं, पण हात तुझ्याच हवाली होता.

केवळाबाई


घरून, ता. अहमदपूर,
दि. २८ एप्रिल २०२५

केवळास,

तुझी हरकत तलाठ्याने मला चार माणसांत वाचून दाखवली. सख्ख्या भावाने फसवणूक केली असे तू तुझ्या हाताने लिहिलेस. तो हात कोणी बरा केला? गुरुबसप्पाच्या भरवशावर बसलो असतो तर आज तुला पेन धरता आला नसता. माझी तूर रानात उभी होती आणि मी लातूरला तुझ्या खाटेखाली पडून होतो. ते सगळे नाटक होते असे तुला वाटत असेल तर मला बोलायचे नाही.

सांगून कागद केला नाही, ही चूक झाली असे समज. सांगितले असते तर तू नाही म्हणाली नसतीस हे मला माहीत होते, म्हणूनच विचारले नाही. विचारण्याची लाज वाटली. तेवीस वर्षे पंचमीला चोळीबांगडी चुकवली नाही. बहिणीला चोळीबांगडी असते, वावर नसते, ही गावाची रीत आहे, मी काढलेली नाही. गावात एका तरी बहिणीचे नाव सातबाऱ्यावर राहिले आहे का ते दाखव. सत्यमचे लग्न मोडले तर त्याचे पाप कोणाला?

ऋतुजाने तुला कळवले हे मला कळले आहे. तू माझी पोरगी माझ्यापासून तोडू नकोस. हरकत मागे घे, खोल्यांचे आपण लग्नानंतर बसून बोलू.

आशीर्वाद मोठ्या भावाने द्यायचा असतो, तो दिला आहे.

अण्णाराव


नांदेड,
दि. ९ जून २०२५

अण्णाराव यांस,

तुमचं पत्र मिळून दीड महिना होत आला. सुनावणी आणि लग्न दोन्ही होऊ दिलं, मग लिहायला बसले. हे पान एका बैठकीत लिहिते आहे आणि ओळ खाली उतरलेली नाही, तुम्हाला दिसत असेल.

सुनावणीच्या दिवशी तुम्ही खिडकीजवळ बसला होता आणि मी दाराजवळ. बालाजी म्हणाले की त्यांना काही आठवत नाही. मग ऋतुजा आली. ती तुमच्याजवळ बसली नाही, माझ्याजवळही नाही, जबाब होईपर्यंत उभीच राहिली. साहेबांनी विचारलं, बाईंना काय सांगितलं होतं. तिने तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मी वरची ओळ वाचून सही केली हेही सांगितलं, ते तिला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही उठून गेलात तरी ती तशीच उभी होती. तेव्हा मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. मी तुमची पोरगी तोडली नाही. तिला त्या कागदाखाली तुम्ही बसवलंत, ती तिथून स्वतःच्या पायाने उठली. ती सध्या माझ्याकडे आहे. परीक्षा संपली, पेपर चांगले गेले. घरी यायचं की नाही ते ती ठरवेल. तुम्ही बोलावलंत तर येईल असं मला वाटतं.

फेरफार नामंजूर झाला, माझं नाव सातबाऱ्यावर राहिलं. ते हक्कसोडपत्र रद्द करायला मी कोर्टात दावा लावला आहे आणि तो मी मागे घेणार नाही.

सत्यमच्या लग्नाला मी आले होते. तुम्ही बघितलं नाही. मागच्या रांगेत बायांमध्ये उभी होते. अक्षता टाकल्या, एकदाही मनगट दुखलं नाही, जेवायला थांबले नाही. औशाच्या पाहुण्यांनी माझं नाव असलेल्या सातबाऱ्यावरही पोरगी दिलीच. नवरी गोड आहे. तिच्या आईने मांडवात मला ओळखलं आणि जवळ येऊन म्हणाली की त्या केवळाबाई तुम्हीच का, आमच्या यजमानांनी सहज विचारलं होतं, इतकं मनावर कशाला घ्यायचं. तुमच्या एका सहज विचारण्याला मी हाव म्हणाले असते, अण्णा. तुम्ही विचारलं असतं तर निम्म्याऐवजी दोन खोल्यांवर मीच सही केली असती, आणि डोळ्यांत पाणी आणून केली असती. तुम्हाला हे माहीत होतं, तुम्हीच लिहिलं आहे. तरी तुम्ही माझा हात मोडका असल्याची संधी साधलीत. ते मला गिळता येत नाही. सगळं आयुष्य मी तुमच्या तोंडाकडे बघून हो म्हटलं, त्याची ही किंमत केलीत.

या पंचमीला चोळीबांगडी पाठवू नका. सूज उतरली आहे, बांगड्या मी इथेच कासारणीकडून भरून घेतल्या. माप पूर्वीचंच निघालं.

डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं मनगट परत वळणं नशिबाचं आहे. भाकरी थापते. वेणीही माझी मीच घालते. काल ऋतुजाने जोडलेल्या हातांची फट मोजायला बोट पुढे केलं, तर शिरलं नाही.

म्हणून एक गोष्ट कळवून ठेवते. जन्मात पहिल्यांदा तुम्हाला लिहिलेल्या पत्राच्या वर नमस्कार नाही. हात जुळत नाहीत म्हणून तो राहिला असं समजू नका. हात आता पूर्ण जुळतात.

केवळाबाई
(सही, उजव्या हाताची)